टॅक्सच्या ऑफिसात काचेची केबिन करू नका

प्रश्न: नाशिकला कॉलेज रोडवर साडेसातशे चौरस फूट कार्पेटची जागा घेतली आहे. टॅक्स आणि अकाउंट्सचं काम, सात जणांचा स्टाफ, क्लायंटची रोज ये-जा. ओपन ऑफिस करावं की काचेच्या केबिन? स्टाफ आणि क्लायंट दोघांनाही बरं पडेल असं काय?

दोन्ही करू नका. आतलं बोलणं बाहेर जाणार नाही अशी एक तरी खोली क्लायंटसाठी करा आणि बाकीचं ऑफिस तिच्याभोवती मांडा. लोगो, रिसेप्शनमागची लाकडी भिंत, लायटिंग हे सगळं नंतर. इंटिरिअरवाला तुम्हाला थ्रीडी चित्र दाखवेल. त्या चित्रात आवाज नसतो.

मी याच लाइनमधली. आता गंगापूर रोडला माझी स्वतःची प्रॅक्टिस आहे, त्याआधी बरीच वर्षं शहरातल्याच एका फर्ममध्ये होते. तिथल्या सरांनी ऑफिस नव्याने करायला काढलं तेव्हाच मी म्हटलं होतं की केबिनला काच नको. सर म्हणाले, "अगं, काच असली की ऑफिस मोठं दिसतं. शिवाय आपला कारभार पारदर्शक आहे हे लोकांना कळतं." मग बारा एमएमची टफन काच लागली. दाराला चौकट नाही, त्यामुळे चारही बाजूंनी फट. भिंत फक्त फॉल्स सीलिंगपर्यंत, वरची पोकळी सगळ्या ऑफिसची एकच. आणि केबिनला लागून वेटिंगचा पांढरा सोफा.

दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आमचे क्लायंट होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. धाकट्या भावाबरोबर भागीदारीत कृषी सेवा केंद्र, त्याचं जीएसटी आणि रिटर्न आमच्याकडे. चप्पल दाराबाहेर काढून आत यायचे आणि त्या पांढऱ्या सोफ्यावर कधी टेकायचे नाहीत, उभेच राहायचे. जुलैत, रिटर्नच्या ऐन गर्दीत, ते एकटे आले. भागीदारीतून बाहेर पडायचं तर काय करावं लागतं, माल कोणत्या भावाने धरायचा, कंपन्यांची देणी कोणाच्या अंगावर येतात, हे विचारायला. भावाला अजून काही सांगितलेलं नव्हतं. छाटणीच्या आधी घरात शांतपणे बसून बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

सरांचा आवाज मोठा. भांडवल खात्यावर नानांचे किती, भावाचे किती, भावाने वर्षभरात किती उचल केली, सगळं माझ्या टेबलापर्यंत स्पष्ट येत होतं. आणि सोफ्यावर धाकट्या भावाचा साडू बसलेला, स्वतःच्या रिटर्नचे कागद घेऊन. मी उठून त्यांना चहा विचारला, कागद बघते म्हणून पलीकडे बोलावलं. ते जागचे हलले नाहीत. नाना घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. भावाने त्याच दिवशी दुकानाला स्वतःचं कुलूप घातलं. पुढे सगळं वकिलांमार्फत झालं. दोन्ही भावांनी आमच्याकडून फायली नेल्या, मागोमाग त्या गावच्या इतरांनीही. यावर सर काय म्हणाले? "नानांनी हळू बोलायला हवं होतं." ज्याचं घर फुटलं त्यालाच दोष. हे वाक्य मला आजही पचलेलं नाही.

म्हणून सांगते, खोलीची भिंत स्लॅबपर्यंत न्या. जिप्समची करत असाल तर आत रॉकवूल (आवाज शोषणारं लोकरीसारखं भरण) भरून घ्या, नुसती पोकळ भिंत ढोलासारखी वाजते. दार भरीव फ्लश डोअरचं, खालची फट बंद. आठ बाय दहाची खोली पुष्कळ झाली. वेटिंग तिला चिकटून नको. मध्ये फायलींची कपाटं, झेरॉक्स किंवा पँट्री येऊ द्या. वेटिंगला खोल सोफा ठेवूच नका. हाताच्या, ताठ पाठीच्या, सतरा-अठरा इंच उंचीच्या खुर्च्या ठेवा, म्हातारं माणूस त्यातून आपलं आपण उठतं. कापड असं की मातीच्या कपड्यांनी बसायला कोणी बिचकणार नाही.

सरांच्या बाजूने एक मुद्दा खरा होता, तोही सांगते. बंद केबिनमध्ये कोण बसलंय हे बाहेरून दिसायला हवं, विशेषतः मुली काम करतात तिथे. त्यासाठी दारात उभी, वीतभर रुंदीची काच बसते, पक्की सील केलेली. तेवढी पुरे.

आता स्टाफ. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये कार्यालयासाठी माणशी १० चौरस मीटर धरतात. तो हिशोब आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटांसाठी आहे, पण अंदाजाला चांगला. तुमच्या जागेत त्या मापाने सातच माणसं बसतात, म्हणजे आठवं टेबल कोंबू नका. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं की एकोपा वाढतो, असं इंटिरिअरवाले सांगतात. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली ओपन ऑफिसमध्ये गेलेल्या दोन कंपन्यांचा अभ्यास छापला. त्यात समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. मला त्यात नवल वाटलं नाही. चारचौघांत बोलायचं नसलं की माणूस गप्प बसतो. टेबलांमध्ये खांद्याएवढे पार्टिशन टाका.

खिडकी स्टाफला द्या. हाही सरांशी जुनाच वाद. कोपऱ्यातली दोन खिडक्यांची केबिन त्यांची, आणि ते अर्धा दिवस सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. जीएसटीच्या मुदतीला, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, आणि इन्कम टॅक्सच्या मुदतीला, जुलैअखेर, सप्टेंबरअखेर, रात्रीपर्यंत बसणारे आम्ही, ट्यूबलाइटखाली. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, पश्चिमेच्या उन्हाला ब्लाइंड लावा. पैसे खुर्च्यांवर घाला, रिसेप्शनवर नको.

आणि टॉयलेट आतच करा. ड्रेनेजची लाइन कुठून जाते हे प्लॅन काढायच्या आधी बघा. आमच्याकडे कॉम्प्लेक्सचं सामाईक होतं, किल्ली सरांच्या ड्रॉवरमध्ये. बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या. याची फिकीर नसेल तर "स्टाफला बरं पडेल" असं लिहूच नये.

राहिलं ते असं: भिंत स्लॅबपर्यंत गेली की त्या खोलीला वेगळा एसी किंवा हवा येण्याची सोय लागते, फायर अलार्म असेल तर त्याचा डिटेक्टरही आत घ्यावा लागतो. खर्च वाढेल. ज्यांच्याकडे कोणाचं गुपित येत नाही, उदाहरणार्थ डिझाइन किंवा प्रिंटिंगवाले, त्यांनी मोकळं ऑफिस केलं तरी चालेल. पार्किंगचं मी काहीच बोलले नाही, कॉलेज रोडला त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

काम संपलं असं कॉन्ट्रॅक्टर म्हणेल त्या दिवशी खोलीत एकाला ताळेबंद नेहमीच्या आवाजात वाचायला बसवा आणि तुम्ही वेटिंगच्या खुर्चीवर बसा, पंखा बंद करून. एक जरी आकडा कळला तरी शेवटचं बिल देऊ नका.