घर तापवणाऱ्या नव्या गॅस फर्नेसचा धूर धुराड्याऐवजी बाहेरच्या भिंतीतून काढला तर चालेल का?

चालेल, पण नवी फर्नेस कुठल्या जातीची आहे ते आधी बघा. जुनी गॅस फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच धुराड्याला जोडलेले आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच.

९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता असलेली, म्हणजे कंडेन्सिंग फर्नेस घेत असाल तर खुशाल भिंतीतून काढा. धुरातली बहुतेक उष्णता ती आतच शोषून घेते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वायूला बहुधा पीव्हीसी पाइप पुरतो. ८० टक्केवालीचा धूर चांगलाच तापलेला असतो. तिला पीव्हीसी जोडायचं नावही काढू नका.

पाइपचा उतार फर्नेसकडे हवा, साधारण फुटाला पाव इंच. पुष्कळांना हे उलटं वाटतं, पाणी बाहेर गेलेलंच बरं असं वाटतं. पण धुरातल्या वाफेचं जे पाणी होतं ते आम्लधर्मी असतं. बाहेर ठिबकलं तर भिंतीवर ओघळ येतात आणि थंडीत पाइपच्या तोंडाशी बर्फ धरतो. तोंड बुजलं की प्रेशर स्विच, म्हणजे धुराची वाट मोकळी आहे का ते दाबावरून ओळखणारा स्विच, फर्नेस बंद पाडतो, आणि हे व्हायचं ते नेमकं कडाक्याच्या थंडीत. ते पाणी फर्नेसपाशीच गोळा करून निचऱ्याला सोडायचं. पाइपचं तोंड जमिनीपासून निदान फूटभर वर हवं. बर्फ पडत असेल तर साचणाऱ्या थराच्याही तेवढंच वर. खिडक्या-दारांपासून किती लांब, ते कंपनीच्या पुस्तिकेत आणि स्थानिक नियमांत बघा. पाइपची कमाल लांबीही पुस्तिकेतच असते. प्रत्येक कोपऱ्याचे काही फूट त्यात धरावे लागतात. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर मात्र काढू नका. वाफेचा लोट दिवसभर दिसतो, भांडण ठरलेलं.

आता वॉटर हीटर. फर्नेस निघाली की तो त्या मोठ्या धुराड्यात एकटा उरतो. त्याचा थोडासा धूर एवढं धुराडं तापवू शकत नाही. तो आतच थंड होतो, विटा ओल्या होतात आणि कधी कधी धूर उलटा घरात शिरतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. एकतर धुराड्यात बेताच्या व्यासाचं धातूचं लायनर, म्हणजे आतून बसवायची नळी, घालून घ्या, नाहीतर वॉटर हीटरही भिंतीतून धूर काढणारा घ्या. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात या कामाची ओळ नसेल तर सही करण्याआधीच विचारा. स्वस्त बोलीत बहुतेक वेळा हेच गाळलेलं असतं.