गोव्यात मेंढ्या लवकर वजनदार करायला रोज किती मका घालावा?

तुम्ही विचारलंय की ३ महिन्यांत मेंढ्या जाड करायच्यात, मटण जास्त आणि चांगलं मिळावं, तर रोज मका किती? किती ते नंतर बघू, किती दिवसांत वाढवणार ते आधी ठरवा.

आम्ही पेडण्याला हे करून बसलोय. बेळगावकडून १५ दख्खनी पिल्लं आणली, १२-१३ किलोची, माळावर चरून वाढलेली, दाण्याची सवयच नाही. मी म्हटलं मक्याचा भरडा मूठभरापासून सुरू करूया. काका म्हणाले डिसेंबरात विकायचीत, मूठमूठ घालून काय कोंबड्या पाळायच्यात, आणि दुसऱ्याच संध्याकाळी गव्हाणीत अर्धं पोतं उपडं केलं. रात्री दोनला गोठ्यातून दात खाण्याचा आवाज. बॅटरी मारली तर तीन पिल्लं मान टाकून उभी, कुशीला हात लावला की आत पाणी डचमळतंय, हगवण राखाडी पातळ आणि वास आंबलेला. खायचा सोडा पाजला, पहाटे डॉक्टर आले तोवर दोन गेली होती. एकदम दाणा खाल्ला की पोटात आम्ल होतं, डॉक्टरांनी काकांच्या समोर सांगितलं. तरी अजून चवथीला सगळे जमले की काका म्हणतात दृष्ट लागली.

उरलेल्या १३ना मी प्रत्येकी रोज १०० ग्रॅमपासून सुरू केलं, दोन-तीन दिवसांनी ५० वाढवत ४०० पर्यंत, दोन वेळा विभागून, आधी फणसाचा पाला आणि वाळलं गवत, मग खुराक. नुसता मका नको, सोबत शेंगदाणा पेंड हवीच, नाहीतर मांस भरत नाही. तीन महिन्यांत २४-२५ किलोला गेली आणि एकही दगावलं नाही.

जाड म्हणजे चांगलं मटण हे मला पटतच नाही. वर्षाच्या आतलं पिल्लू कापा, उगाच ठेवून चरबी वाढते, खाद्याचे पैसे त्यातच जातात. आणि घाट उतरून आलेलं जनावर त्याच दिवशी कापू नका, पाणी पाजून विश्रांती द्या. दमलेल्याचं मटण काळपट पडतं, टिकत नाही.

हां, खुराक सुरू करायच्या आधी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या, जास्त दाण्यावर आतड्यात विष होऊन जनावर अचानक मरतं तो हा रोग. गाईंचं मिनरल मिक्श्चर अजिबात नको, त्यातलं तांबं मेंढ्यांना सोसत नाही. आपल्या पावसात गोठ्यात जमिनीपासून उंच फळ्यांचा माच पाहिजेच, ओल्यात खूर कुजतात. आणि भरड्याच्या पिंपाला कुलूप लावा, आमच्याकडे तेव्हापासून आहे, चावी माझ्याकडे असते.