भिडलेल्या दीर्घिकांचे फोटो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे जुना डीएसएलआर, २०० मिमी लेन्स आणि छोटा ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागोमाग कॅमेरा फिरवणारं यंत्र) आहे. दुर्बीण नाही. एकमेकींना भिडलेल्या दीर्घिका टिपता येतील का? (सातारा)

येतील. एम ५१ या सर्पिल दीर्घिकेपासून सुरुवात करा. सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची आहे, त्याच्यापासून साधारण साडेतीन अंशांवर ती सापडते. एप्रिलच्या मध्याला मध्यरात्री ती उत्तरेला साठ अंशांच्या वर असते. तुमच्या सेन्सरवर ती जेमतेम दीडशे पिक्सेल व्यापेल, पण सर्पिल हात आणि तिला भिडलेली शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी ५१९५ वेगळी ओळखू येईल. खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांना हे सर्पिल दिसलं १८४५ साली, तेही ७२ इंची दुर्बिणीतून.

प्रश्न : पुण्यात गच्चीवरून एम ५१ चं तासभर एक्स्पोजर घेतलं. दोघींना जोडणारा पूल पुसटच आला, बाहेरचा धूसर प्रकाश तर आलाच नाही. नॅरोबँड फिल्टर घेऊ का? (पुणे)

कृपा करून आत्ता घेऊ नका. दीर्घिकेचा उजेड मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. नॅरोबँड फिल्टर ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडतो, म्हणून त्यातला बहुतेक अडवतो. हाती लागतात ते हायड्रोजनचे गुलाबी ठिपके. तुम्हाला हवा असलेला धूसर प्रकाश ताऱ्यांचाच आहे.

त्याला औषध दोनच : काळोख आणि वेळ. एक्स्पोजर चौपट केलं की सिग्नल (खरा उजेड) आणि नॉइझ (फोटोतली खरखर) यांचं गुणोत्तर दुप्पट होतं, म्हणून तासाचे चार तास करा. दोन-तीन अमावास्यांच्या फ्रेम्स एकत्र स्टॅक केल्या तरी चालतं. जमलं तर गाव सोडा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे काळोखं आकाश जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला, पण तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. शहराच्या उजेडाला डोंगर आड येईल असं शेतही पुरतं.

आणि फ्लॅट्स घ्याच, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो; धुळीच्या सावल्या त्यांनी पुसता येतात. एकदा मी कंटाळून ते टाळले. फोटोतला फिकट उजेड ताणून वाढवल्यावर एम ५१ शेजारी फिकट कंस उमटला आणि पुढचे दोन दिवस मी त्याला भरतीची शेपटी, म्हणजे शेजारणीच्या ओढीने लांबवर ताणलेले तारे, समजत होतो. सेन्सरवरच्या धुळीच्या कणाची सावली होती ती. तेव्हापासून पहाटे फटफटलं की फोकसला हात न लावता दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणतो, फ्लॅट्स घेतो आणि मगच सामान आवरतो.

प्रश्न : या टकरीत तारे एकमेकांवर आदळतात का? (नांदेड)

जवळजवळ नाहीच. ताऱ्यांमधली अंतरं अफाट असतात. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यातून नवे तारे जन्मतात. पूल आणि शेपट्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीतून बनतात, हे आलार आणि यूरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवून दिलं.

प्रश्न : आपल्याकडून चांगलं दिसेल असं दुसरं लक्ष्य कोणतं? (रत्नागिरी)

हस्त नक्षत्रातली अँटेनी जोडी, एनजीसी ४०३८ आणि ४०३९. ब्रिटनच्या दक्षिण भागातून ती क्षितिजावर जेमतेम वीस अंश चढते, आपल्याकडून पन्नासच्या वर. मार्चअखेर मध्यरात्री ती दक्षिणेला सर्वांत उंच असते, म्हणून शहर उत्तरेला राहील अशी जागा निवडा. दोन्ही गाभे लहान दुर्बिणीतूनही येतात. कीटकाच्या मिशांसारख्या त्या दोन लांब शेपट्यांसाठी मात्र मे महिन्याच्या धुळीआधीच्या अनेक रात्री राखून ठेवा.