फ्रेंच प्रेसमध्ये केलेली कॉफी कडू का लागते आणि कपात गाळ का उतरतो?

तुम्ही लिहिलंय की प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या काचेच्या भांड्यात, कॉफीच्या पुडीवर उकळतं पाणी ओतता, पाच मिनिटं थांबता, मग जोर लावून दट्ट्या खाली दाबता. तरी पहिला कप कडू, दुसरा त्याहून कडू आणि तळाशी चिखल. त्यातल्या ‘जोर लावून’वर मी अडलो. दट्ट्याला जोर लागायलाच नको. नुसता हात टेकवला की तो संथपणे खाली जायला हवा. जात नसेल तर पूड बारीक आहे, आणि तुमच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

हे मी अक्षरशः भाजून घेऊन शिकलोय. सुरुवातीला घरात होती ती बारीक पूड टाकली. दट्ट्या अर्ध्यावर अडला. मी उभं राहून दोन्ही हातांनी रेटला, जाळी एका बाजूला कलली आणि कडेच्या फटीतून कॉफी कारंज्यासारखी उसळली. मनगट आठवडाभर दुखत होतं. तेव्हापासून अडला की दाबत नाही. थोडा वर घेतो, क्षणभर थांबतो, मग परत हळूच.

पूड जाड्या मिठासारखी हवी. चिमटीत चोळली तर कण वेगवेगळे लागले पाहिजेत. पूड जितकी बारीक तितका पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून कडवट अंश भराभर उतरतो. शिवाय त्यातली धूळ जाळीतून आरपार जाते. तुम्ही घरीच दळत असाल तर ग्राइंडर कुठला आहे ते बघा. पात्याचा ग्राइंडर बिया वेड्यावाकड्या तोडतो: काही कणांचे खडे राहतात, काहींचं पीठ होतं. खड्यांमधून पुरेसं उतरत नाही म्हणून आंबट, पिठातून जास्त उतरतं म्हणून कडू, आणि दोन्ही चवी एकाच कपात. बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बी चिरडणारा, हातानं फिरवायचा साधा असला तरी यापेक्षा कितीतरी बरा. पैसे खर्चायचेच असतील तर ते भारी प्रेसवर न घालता ग्राइंडरवर घाला. काचेचं भांडं, दट्ट्या आणि जाळी, प्रेसमध्ये याहून जास्त असतंच काय?

गाळाचा प्रश्न तसा फार जुना आहे. १८५२ साली मायर आणि देलफोर्ज या दोन फ्रेंच माणसांनी अशा उपकरणाचं पेटंट घेतलं, तेव्हा भोकं पाडलेल्या पत्र्याला फ्लॅनेलचं कापड लावायची त्यांची कल्पना होती. कडा बंद राहावी म्हणूनच ना! (आजच्या प्रेसच्या जवळ जाणारं पेटंट मात्र १९२९चं आणि इटलीतल्या अत्तिलियो कालिमानीचं. नाव तेवढं फ्रेंच राहिलं.) आता कापड गेलं, तारेची जाळी आली. बारीक धूळ ती अडवू शकत नाही, तुम्ही कितीही दाबा. उलट दाबल्यानं खाली बसलेली धूळ ढवळून वर येते.

म्हणून मी आता जवळजवळ दाबतच नाही. ३० ग्रॅम पूड, ५०० मिली पाणी, दोन्ही वजनकाट्यावर मोजून. चमच्याचा हिशेब रोज वेगळा निघतो. सगळं पाणी एकदम ओततो आणि चार मिनिटं हात लावत नाही. तोवर वर पुडीचा जाड थर येतो. चमच्यानं तो हलकेच मोडायचा. बरीचशी पूड आपोआप खाली बसते. वर उरलेला फेस आणि तरंगणारे कण दोन चमच्यांनी काढून टाकायचे. आणि मग खरी परीक्षा: आणखी पाच-सहा मिनिटं थांबायचं. शेवटी दट्ट्या फक्त पृष्ठभागापर्यंत आणायचा, जाळी गाळणीसारखी वापरायची आणि सावकाश ओतायचं. शेवटचा घोटभर भांड्यातच सोडायचा, गाळ तिथे असतो. पद्धत माझी नाही. २००७च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेचा (बरिस्ता म्हणजे कॉफी बनवणारा कारागीर) विजेता जेम्स हॉफमन यानं ती लोकप्रिय केली.

दहा मिनिटांत कडू होणार नाही का, हा प्रश्न मलाही पडला होता. पूड जाड असेल तर नाही होत. पाणी निवत जातं, त्यात आधीच बरंच उतरलेलं असतं, त्यामुळे पुढचं उतरणं मंदावतं. बारीक पूड तशी सवलत देत नाही. तुमचा दुसरा कप जास्त कडू लागतो तो याच कारणानं: पहिला ओतल्यावर उरलेली कॉफी त्या पुडीतच मुरत बसते. दुसरा लगेच प्यायचा नसेल तर थर्मासमध्ये काढून ठेवा. आणि हो, ५०० मिली ओतलं तरी हातात साधारण ४४० येईल. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, गळती शोधत बसू नका.

पाणी किती गरम हवं, हे फार मनावर घेऊ नका. बिया काळपट भाजलेल्या असतील तर उकळी थांबल्यावर अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. हलक्या भाजलेल्यांना उकळतं पाणी चालतं.

तुम्ही दिवसाला तीन-चार कप पिता म्हणून एक सांगतो. कॉफीत काफेस्टॉल नावाचा तेलकट घटक असतो. कागदी फिल्टरमध्ये तो बहुतेक अडकतो, धातूच्या जाळीतून कपात येतो आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते, कोलेस्टेरॉल वाढवतो. तुमचं आधीच जास्त असेल तर रोजच्यासाठी कागदी फिल्टर बरा, प्रेस सुट्टीच्या दिवशी.

एवढं करूनही जुनाट कडवट चव राहिली तर जाळीचा स्क्रू सोडवा. दोन पत्र्यांच्या मध्ये जाळी असते, तिच्या कडेला बोट फिरवून वास घ्या. माझ्या बोटाला तपकिरी चिकट थर लागला होता. वरवर विसळून तो जात नाही. सगळे भाग सुटे करून साबणानं घासा. चोथा मात्र सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.