क्लायंट देवाबद्दल बोलला तर काय करायचं

अरे, समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत क्लायंटची माहिती घेतात त्या इंटेक फॉर्मवर धर्माचा रकाना भरून घेतला म्हणजे झालं असं समजू नकोस. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांचं काम आधी वाच, त्यांचं म्हणणं असं की श्रद्धा आधार देते तशी कधीकधी त्रासही देते, म्हणजे एकजण प्रार्थनेने सावरतो तर दुसऱ्याला आजारपण ही देवाने दिलेली शिक्षाच वाटते आणि हे दुसरं विचारल्याशिवाय सहसा बाहेर येतच नाही. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तिकेत, धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्येला वेगळा कोड मिळाला, पण मानसिक आजार म्हणून नाही बरं का. सुरुवातीला साधंच विचार, "कठीण काळात कशाचा आधार वाटतो?" उत्तरात चर्च येईल नाहीतर नुसतं डोंगरात फिरणं, दोन्ही चालतं. आणि प्लीज, स्वतःची श्रद्धा किंवा नास्तिकपणा कुणाच्या गळ्यात मारू नकोस.