खाडीकाठी पक्षी बघायला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

दुर्बिणीपेक्षा आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी ठेवा. पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी दूर चिखलात ठिपक्यांसारखे दिसतील. पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी पोहोचा; पाणी चढतं तसे ते चरत चरत काठाकडे सरकतात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे जाते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. सूर्य पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

दुर्बीण 8x42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. 12x हातात थरथरते.

ओळखताना रंगाआधी चाल बघा. चिखल्या (प्लोव्हर) पळतो, थांबतो, टिपतो. तुतवार (सँडपायपर) चोच खुपसत चालतच राहतात. वसंतात मात्र रंगही मदतीला येतो, कारण विणीचा पिसारा चढू लागलेला असतो: तुतवारांपैकी डनलिनचं पोट काळं, कर्ल्यू सँडपायपर विटकरी. पण अर्धवट रंग बदललेले पक्षी जाणकारांनाही चकवतात. अशा वेळी उडताना कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग, बघा. कर्ल्यू सँडपायपरची पांढरी असते, डनलिनच्या कंबरेवर मधोमध गडद पट्टा असतो.

भरतीला थवे विसावतात. माना वर झाल्या की तुम्ही फार जवळ आलात, मागे सरका. लांबच्या स्थलांतरासाठी साठवलेली चरबी अशा उगाच उड्डाणांत खर्च होते. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत जात असेल तर त्याच्यामागे जाऊ नका, जवळपास अंडी किंवा पिल्लं असणार. आल्या पावली परत फिरा. आणि फोटोसाठी चिखलात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, पाणी मागच्या ओहोळांतून आधी भरतं.