'हे' म्हणजे 'दिस' की 'दीज'? कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की मराठी माध्यमातून शिकल्यामुळे 'दिस' आणि 'दीज', 'दॅट' आणि 'दोज' यांत अजूनही गल्लत होते, यावर काही सोपी युक्ती आहे का. मी गेली बरीच वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतोय आणि ही चूक रोज तपासतोय. ती निष्काळजीपणामुळे होत नाही. तिचं मूळ आपल्या 'हे'मध्ये आहे.

'हे झाड' म्हणताना 'हे' एकवचनी असतं आणि 'हे आंबे' म्हणताना तेच 'हे' अनेकवचनी होतं. 'ही वही' एक, 'ही पुस्तकं' अनेक. 'ती खिडकी' एक, 'ती घरं' अनेक. म्हणजे आपला दर्शक शब्द लिंग आणि वचन दोन्ही एकदम सांभाळतो, आणि नुसत्या 'हे'वरून एक की अनेक ते कळतच नाही. इंग्रजीत लिंगाचा प्रश्नच नाही, फक्त वचन बघायचं: जवळचं एक असेल तर 'दिस', अनेक असतील तर 'दीज', लांबचं एक 'दॅट', अनेक 'दोज'. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही मराठीसारखी तीन लिंगं होती आणि 'दॅट' हे तेव्हा नपुंसकलिंगी एकवचनाचं रूप होतं, आपल्या 'ते'सारखं. पुढे लिंगं गळून पडली, वचन तेवढं राहिलं.

म्हणून मराठी 'हे'चं भाषांतर करायला जाऊच नका. आधी पुढचं इंग्रजी नाम मनात आणा, ते एकवचनी आहे की अनेकवचनी ते बघा, आणि मग मागे येऊन दर्शक शब्द लावा.

'इंग्रजी नाम' असं मुद्दाम म्हणतोय, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपण 'हे केस', 'हे पैसे', 'हे तांदूळ', 'हे पोहे' असं सगळं अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत मात्र 'दिस हेअर', 'दिस मनी', 'दिस राइस'. (आमटीत दोन केस सापडले तर ते मोजलेले केस, तिथे 'दोज टू हेअर्स' बरोबर.) उलट आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक, इंग्रजीत 'दीज सिझर्स', 'दीज ग्लासेस', 'दीज ट्राउझर्स'. एकवचनच हवं असेल तर 'दिस पेअर ऑफ सिझर्स' म्हणा. 'न्यूज'च्या शेवटी 'स' दिसला तरी ते एकवचनी, म्हणून 'दिस न्यूज'. 'पीपल'ला 'स' नाही तरी 'दीज पीपल'.

आणखी एक जागा आहे, आदरार्थी बहुवचनाची. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'दीज आर माय फादर'. मी 'दीज आर' खोडून 'दिस इज' केलं, तर ती म्हणाली, "सर, पण बाबांना एकेरी कसं म्हणायचं?" तिच्या मनात 'हे माझे बाबा आहेत' हे वाक्य होतं, आणि मराठी म्हणून ते अगदी बरोबर होतं. मी तिला सांगितलं की इंग्रजीतल्या 'दिस'मध्ये अरेतुरे नाही. तिथे 'दिस' माणसं मोजतं, मान आवाजातून आणि 'सर', 'मॅडम' अशा शब्दांतून दिला जातो. बाबा एकटे असतील तर 'दिस इज माय फादर', आई-बाबा दोघं असतील तर 'दीज आर माय पेरेंट्स'. पुढच्या निबंधात तिने आजोबांसाठी 'दिस इज' लिहिलं, खाडाखोड न करता.

बोलतानाही फरक ऐकू आला पाहिजे. 'दिस'मधला इकार ऱ्हस्व, शेवटी 'स'. 'दीज'मधला दीर्घ, आणि शेवटचा 'ज' 'जरा'तल्यासारखा, 'जीवन'मधल्यासारखा नाही. दोन्ही सारखेच उच्चारले की लिहितानाही घोळ होतो.

राहिलं उत्तर देणं. 'आर दीज युवर शूज?' असं कुणी विचारलं तर उत्तरात 'दीज' पुन्हा येत नाही, 'येस, दे आर' म्हणायचं. 'इज दिस युवर बॅग?' याला 'येस, इट इज'.